गुणगुणणाऱ्या ॲम्प्लिफायरची बाजू

आपल्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाचे सामान ठेवण्याच्या खोलीत एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गेल्या वर्षी निरुपयोगी वस्तूंची यादी झाली, तेव्हा मोडक्या बाकांच्या आणि फाटक्या पडद्यांच्या पंक्तीत त्याचेही नाव लागले. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द आहेत : 'आवाज करतो'. ध्वनिवर्धकाने आवाज केला म्हणून त्याला भंगारात काढावे, यातला विनोद यादी करणाऱ्याच्या ध्यानात आला नसावा. पण विनोद बाजूला ठेवला तरी हा निकाल मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी वार्षिकांकाची ही पाने मी मागून घेतली आहेत.

प्रथम आरोपीची ओळख करून देते. पत्र्याची राखी पेटी, पुढे पाच गोल खुंट्या, मागे स्पीकरच्या वायरी आवळायचे स्क्रू, माईकसाठी एक आणि वाद्यांसाठी दोन जॅक. कंपनीची पाटी केव्हाच निघून गेली आहे. आत ट्रान्झिस्टर नाहीत, काचेचे व्हॉल्व्ह आहेत. चालू केल्यावर थोड्या वेळाने त्यांच्या पोटात निखाऱ्यासारखा उजेड दिसू लागतो आणि मगच स्पीकर बोलतो. हवाइयन गिटार, बुलबुलतरंग, पेटीपुढचा माईक आणि अलीकडे की-बोर्ड, एवढ्यांना त्याने आजवर गळा दिला. असे यंत्र आपल्या भागात अडगळ कसे ठरते, याचेच मला नवल वाटते.

कारण आपला भाग झाडीपट्टीचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, गडचिरोली १९८२ मध्येच चंद्रपुरातून वेगळा झाला होता. पण नाटकाच्या नकाशावर हे चारही जिल्हे अजून एकाच सतरंजीवर बसतात. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागले की गावोगाव मंडई भरते. दिवसा मंडईची गर्दी, रात्री दंडार नाही तर नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरत असतात आणि पडदा उघडला की उजाडेपर्यंत खेळ चालतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचे नाव दिल्लीपर्यंत गेले, याचा आपण सर्वांनी अभिमान बाळगला. परंतु उघड्या मैदानात शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत नायिकेचे पद पोचते ते कशाच्या बळावर, याचा विचार कितीजणांनी केला? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा माईक नव्हता. नटाची छाती हाच ॲम्प्लिफायर होता. आज तसे नाही. आज पडद्यामागे यंत्राशेजारी जो पोरगा बसतो त्याच्या हातात अर्धे नाटक असते, आणि त्याचे नाव हँडबिलावर कधी छापले जात नाही.

आता आरोपाकडे वळू. 'आवाज करतो' हे म्हणणे, डॉक्टरने रोग्याच्या चिठ्ठीवर 'आजारी आहे' एवढेच लिहावे, तसे आहे. कोणता आवाज? आपली मराठी भाषा याबाबतीत फार श्रीमंत आहे. घूं, सूं, खरखर, करकर, तडतड, फटफट, शिट्टी : हे सारे शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण यंत्राच्या पोटात प्रत्येकाचे घर निराळे आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना यंत्रातले काही कळत नाही असे आपणच आपल्याला सांगून ठेवले आहे. मी उलट म्हणते. ज्याला पेटीवर षड्ज धरता येतो त्याला यंत्राच्या रोगाचे अर्धे निदान कानाने करता येते.

घूं हेच घ्या. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. व्हॉल्व्हला लागणारा उच्च दाबाचा एकदिश प्रवाह तयार करताना प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग उचलले जातात, म्हणून त्या प्रवाहात सेकंदाला १०० हेलकावे उरतात. हे हेलकावे गिळून टाकण्याचे काम मोठ्या कंडेन्सरांचे. कंडेन्सर म्हातारे झाले, आतला ओलावा सुकला, की ते गिळेनासे होतात आणि हेलकावे स्पीकरमध्ये उतरतात. आता पेटीवर पांढरी पाच दाबा आणि तोच स्वर खाली खर्जात गुणगुणून पाहा. तो सुमारे ९८ कंपनांचा असतो. म्हणजे सुकलेल्या कंडेन्सरची घूं ही खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर बसते, आणि तिला थोडी धार असते. तिच्याहून एक सप्तक खाली, गोलसर, पोटात घुमणारी घूं असेल तर ती ५० कंपनांची. तिचे कारण बहुधा कंडेन्सर नव्हे. वायरीचे संरक्षक जाळे तुटले आहे, जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व कुठे तरी शिरते आहे, व्हॉल्व्हच्या तापतारेची वीज गळते आहे किंवा अर्थिंगचे काही बिघडले आहे. पांढरी पाच ओळखणाऱ्या मुली आपल्या वर्गात डझनभर तरी निघतील. त्यांपैकी एकीलाही यादी करताना बोलावले नव्हते.

बाकीचे आवाज भराभर सांगते. खुंटी फिरवतानाच जी खरखर होते ती कंट्रोलच्या पट्टीवरच्या धुळीची. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि खुंटी वीसेक वेळा मागेपुढे, एवढाच त्यावर उपाय. (काहीजण तेथे खोबरेल तेल घालतात. हे शास्त्र कोणी काढले कोण जाणे! दोन दिवस बरे वाटते, मग तेलावर धूळ बसून पूर्वीपेक्षा वाईट.) फोडणीसारखी तडतड कोणी हात न लावता होत असेल तर एखादा जुना रेझिस्टन्स किंवा ड्राय सोल्डर. पेन्सिलीच्या लाकडी टोकाने व्हॉल्व्हवर हळूच टिचकी मारली आणि स्पीकरमध्ये टणत्कार झाला, तर तो व्हॉल्व्ह आतून सैल झाला आहे. तोच पुढे शिट्टी घालतो. आणि भजनाच्या मधेच रेडिओच्या बातम्या ऐकू आल्या तर भुताटकी समजू नये. गंजलेला सांधा कधी कधी रेडिओतल्या डायोडचे काम करतो, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु नुसता आवाज ओळखून भागत नाही. तो कोठून शिरला ते शोधावे लागते. येथे मला आपल्या मराठी विभागाची आठवण होते. जुन्या ग्रंथाची संहिता ठरवताना आपले सर काय शिकवतात? चूक कोणत्या प्रतीत प्रथम शिरली ते पाहा. तिच्या आधीची प्रत शुद्ध असेल आणि नंतरच्या सगळ्या अशुद्ध, तर दोष त्या एका लेखनिकाच्या हातून झाला. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो प्रती ताडून पाहिल्यानंतरच. ॲम्प्लिफायरमध्येही स्वर एका हातातून दुसऱ्या हातात जातो : वाद्यातून वायर, वायरीतून पहिला व्हॉल्व्ह, मग व्हॉल्यूमचा कंट्रोल, मग पुढचे व्हॉल्व्ह, शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. मधोमध उभा असलेला साक्षीदार म्हणजे व्हॉल्यूमची खुंटी. ती शून्यावर आणा. घूं थांबली, तर दोष खुंटीच्या आधी. तशीच राहिली, तर खुंटीच्या नंतर अथवा वीजपुरवठ्यात. एका हालचालीत अर्धे यंत्र निर्दोष सुटले! उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करा. वायर काढून पाहा, दुसरी लावून पाहा, पहिला व्हॉल्व्ह काढून पाहा. यंत्र अर्ध्यावर आणत आणत चार-पाच पावलांत तुम्ही एका सांध्यापाशी येता. यासाठी पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही, घाई न करण्याचा स्वभाव लागतो.

आमच्यापैकी तिघांनी सांस्कृतिक विभागाच्या सरांची परवानगी घेऊन, बाजारातल्या एका वयस्क रेडिओ मेकॅनिककाकांच्या देखरेखीखाली हे करून पाहिले. पेटी उघडण्यापूर्वीच सर्वांचा तर्क ठरलेला होता : शेजारी राइस मिल आहे, तिच्या मोटारींमुळे घूं येते. गोंदियात हे कारण फार सोयीचे आहे, कारण राइस मिल कोठून ना कोठून तरी शेजारी असतेच. पण रविवारी मिल बंद असतानाही घूं तितकीच होती. मिल सुटली. मग काकांनी सिरीजचा बोर्ड काढला. बरीच वर्षे बंद असलेले यंत्र एकदम २३० व्होल्टवर लावायचे नाही, आधी १०० वॅटचा पिवळा बल्ब त्याच्या मालिकेत जोडून लावायचे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भकाभक पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. आमचा बल्ब मंदावला. वाद्याच्या दोन वायरींपैकी एकीचे जाळे प्लगपाशी तुटलेले निघाले. ती बदलताच खोल घूं गेली. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी धारेची घूं उरली, ती पांढरी पाचजवळची. म्हणजे मोठे कंडेन्सर. दोन खुंट्या खरखरत होत्या, त्या फवाऱ्याने सुधारल्या. व्हॉल्व्ह सगळे ठणठणीत, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या तांब्याच्या वजनावर भंगारवाल्याचा डोळा असतो, तोही शाबूत. एकंदरीत ज्या यंत्राला आपण मृत ठरवले त्याला दोन कंडेन्सर आणि एक वायर एवढाच रोग होता.

एक गोष्ट मात्र येथे खुलासेवार सांगितली पाहिजे, आणि माझ्या लेखातले दुसरे काहीही विसरलात तरी हे विसरू नये. या ॲम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग आम्ही उघडला तेव्हा तिसऱ्या, जाड पिनेची हिरवी वायर आत कापून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली आढळली. ती आपोआप तुटलेली नव्हती. घूं थांबवण्यासाठी कोणी तरी जाणूनबुजून कापली होती.

हा 'उपाय' आपल्या भागात सर्रास चालतो आणि तो चालतो याचे कारण तो खरोखर लागू पडतो. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, दोन्हींना स्वतंत्र अर्थिंग आणि शिवाय दोघांना जोडणारी वाद्याची वायर : असे झाले की अर्थिंगचे एक वर्तुळ तयार होते, त्यातून बारीकसा प्रवाह फिरतो आणि तो ५० कंपनांची घूं होऊन ऐकू येतो. एका यंत्राची अर्थ वायर कापली की वर्तुळ तुटते, घूं जाते, मंडळी टाळ्या वाजवतात. पण ती वायर घूं आणण्यासाठी बसवलेली नसते. पावसाळ्यात दमट खोलीत पडलेल्या ट्रान्सफॉर्मरचे आवरण कुजले आणि वीज पत्र्याला लागली, तर ती जमिनीत जाऊन फ्यूज उडावा म्हणून ती असते. काही जुन्या यंत्रांत तर आवाज कमी करण्यासाठी मेन लाइन आणि पत्रा यांच्यामध्येच एक कंडेन्सर घालत. तो फुटला की पेटीचा पत्रा म्हणजेच उघडी लाइन. गिटारच्या तारा वायरीच्या जाळ्यातून थेट त्या पत्र्याला जोडलेल्या असतात. वादकाची बोटे तारांवर आणि ओठ माईकला, यापेक्षा वाईट जोडणी कल्पिता येणार नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नीट नव्हते आणि त्याने माईकला हात लावला होता. तेथे सुधारलेले सभागृह होते. आपल्याकडे मंडईच्या रात्री दव पडलेले असते, नट अनवाणी असतात, जनरेटर ट्रॉलीवर असतो, प्लग न मिळाल्यास वायरीची टोके काडीपेटीच्या काड्या खोचून बोर्डात बसवलेली असतात, आणि कोठे कोठे तर वीजच आकड्याची असते. आकड्याला अर्थिंग कसले!

घूंवर योग्य इलाज आहेत. सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून लावा. निम्मी वर्तुळे तेथेच मिटतात. तरी उरली तर वाद्याच्या वायरीत लहानसा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तो स्वर पुढे जाऊ देतो आणि प्रवाहाचे वर्तुळ तोडतो. बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा ईएलसीबी बसवा. यातले काहीच जमत नसेल तर घूंसकट कार्यक्रम करा. नाट्यपदामागे थोडी घूं राहिली म्हणून कोणी दगावलेले नाही. आम्ही ती हिरवी वायर जोडली, अपेक्षेप्रमाणे थोडी घूं परत आली, आणि दोन्ही यंत्रे एका बोर्डावर आणताच गेली. ज्याने ती कापली त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण आपल्या महाविद्यालयाच्या यापुढील कोणत्याही कार्यक्रमात अर्थची पिन कापलेला प्लग आढळला तर तो कार्यक्रम तेथेच थांबवावा, असा नियम प्राचार्यांनी करावा, अशी माझी जाहीर मागणी आहे.

आणखी एक मुद्दा. सगळा आवाज हा दोष नव्हे. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकली तर स्वर मुका निघतो. तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी जमली म्हणजे तो झणझणतो. मिरजेचे कारागीर या झणझणाटासाठी घोडी तासण्यात आयुष्य घालवतात. ज्याला यंत्रज्ञ खरखर म्हणेल तिला गवई प्राण म्हणतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरने स्वराला जो किंचित जाडसर, उबदार रंग येतो तोही काटेकोरपणे पाहिल्यास विकृतीच आहे. पण हवाइयन गिटारला ती शोभते. आणि सूं हा आवाज तर पूर्णपणे कधीच जाणार नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचा हिशोब मांडला. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. कोणताही विजेचा रोध, तो शून्य अंशापेक्षा, म्हणजे खऱ्या निरपेक्ष शून्यापेक्षा, गरम असेल तर आपल्या उष्णतेनेच बारीक आवाज करत राहतो. गोंदियाच्या मे महिन्यात तर विचारूच नका! तेव्हा दुरुस्ती म्हणजे आवाज शून्य करणे असे कोणी समजू नये. कोणता आवाज घालवायचा, कोणता सोसायचा आणि कोणता जपायचा हे ठरवावे लागते, आणि ते ठरवायला मीटर पुरत नाही, कान लागतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? बाजारात नवे, हलके, मोबाईलला जोडता येणारे यंत्र मिळते. मिळते, आणि भाषणासाठी ते घ्यावे, माझी काही हरकत नाही. त्याची सूं आपल्या म्हाताऱ्यापेक्षा कमी आहे हेही मान्य. पण ते बिघडले की पेटी उघडून सांधा दाखवता येत नाही; आत एकच बारीक कार्ड असते आणि मेकॅनिक 'पूर्ण कार्ड बदलावे लागेल' म्हणून मोकळा होतो. जुन्या यंत्रात प्रत्येक भाग बोटाने दाखवता येतो, म्हणून शिकायला तेच बरे. शिवाय त्याचे व्हॉल्व्ह आता सहज मिळत नाहीत, तेव्हा जे चालू आहेत ते भंगारात घालणे हा शुद्ध उधळेपणा आहे. उद्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जळाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा मीच यादीवर सही करीन.

मात्र कोणी हा लेख वाचून उत्साहाने एकट्याने पेटी उघडू नये. बटण बंद करून प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत तीन-चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. रेझिस्टन्समधून ते उतरवून, मीटरने शून्य पाहिल्याशिवाय काका आम्हाला आत बोट घालू देत नसत, आणि तेव्हाही डावा हात पाठीमागे ठेवायला लावत.

दोन नवे कंडेन्सर नागपूरहून मागवले आहेत. ॲम्प्लिफायरला आम्ही एक वही बांधली आहे. कोणत्या तारखेला कोणता आवाज आला, खुंटी शून्यावर असताना काय झाले, कोणी काय बदलले, एवढेच तीत लिहायचे. सध्या तीत एकच प्रश्न अनुत्तरित आहे. सभागृहातला डावीकडचा पंखा रेग्युलेटरच्या तीन आकड्यावर ठेवला की करकर येते, पाचवर ठेवला की जाते. रेग्युलेटर बदलेपर्यंत गॅदरिंगला पंखा पाचवर ठेवावा. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या टोप्या उडाल्या तर सांस्कृतिक विभागाने सांभाळून घ्यावे.